‘शस्त्रमुक्त’, मग ‘सुरक्षित’, मग ‘अधिक सुरक्षित’: एका एआय गेटचं प्रकरण

एका शाळेच्या ट्रस्टी काकांचा फोन आला. जुनी ओळख, त्यांच्या शाळेत कॅमेरे मीच लावलेत. म्हणाले, अहो, एक व्हिडिओ पाठवलाय बघा, अमेरिकेतल्या शाळेतला, पोरं दप्तर पाठीवर तसंच ठेवून दोन खांबांमधून सरळ चालत जातायत, कुणी थांबत नाही, खिसे रिकामे करत नाही, आणि तरी म्हणे शस्त्र असलं की पकडतं, एआय आहे त्यात. तसलं आपल्याकडे मिळेल का, एकानं कोटेशन पण दिलंय. मी म्हटलं काका, दोन दिवस द्या.

माझा धंदा गेटचा. मॉलच्या, हॉस्पिटलच्या, कंपनीच्या दारात ती जी चौकट उभी असते ना, डीएफएमडी, डोअर फ्रेम मेटल डिटेक्टर, ती लावायची, सेट करायची आणि वर्षभर एएमसी, म्हणजे देखभालीचं कंत्राट, सांभाळायची. त्यामुळे व्हिडिओतले खांब बघून लगेच ओळखलं की हे इव्होल्व्ह. ही केस मी २०२२ पासून जमेल तशी फॉलो करतोय, कारण आमच्या लाईनमध्ये जाहिरातीतला शब्द आणि दारातलं मशिन यांच्यात किती अंतर पडू शकतं हे एवढं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या केसमध्ये दिसत नाही. काकांना फोनवर अर्धवट सांगितलं, इथे सगळं लिहितो.

इव्होल्व्ह टेक्नॉलॉजीज ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली कंपनी, २०१३ ची. बिल गेट्सचे पण पैसे लागलेत त्यात, २०२१ मध्ये नॅसडॅक या तिथल्या शेअर बाजारात लिस्ट झाली. मालाचं नाव इव्होल्व्ह एक्सप्रेस. दोन उंच खांब, मधून लोक चालत जातात, खांबांमधून कमी फ्रिक्वेन्सीचं इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड सोडलेलं असतं, धातूची वस्तू त्यात आली की फील्ड बिघडतं, आणि ते कसं बिघडलं ते बघून सॉफ्टवेअर ठरवतं की हे शस्त्र की किल्ल्यांचा जुडगा. शस्त्र वाटलं तर गार्डच्या हातातल्या टॅबलेटवर त्या माणसाचा फोटो येतो आणि संशय जिथे आहे तिथे, कमरेला किंवा बॅगेवर, लाल चौकोन. गार्डनं फक्त तेवढीच जागा तपासायची. आयडिया म्हणून उत्तम आहे, उगाच का खोटं बोलू. आमच्या साध्या चौकटीत फारतर डाव्या-उजव्या बाजूला, कुठल्या उंचीवर, एवढा दिवा लागतो.

आता मूळ तत्त्व बघा, दोन्हीत एकच आहे. फील्ड, धातू, फरक. इव्होल्व्हचं म्हणणं असं की आमचं मशिन मेटल डिटेक्टर नाहीच, ते धातू नाही तर शस्त्र ओळखतं, एआयनं. इथेच सगळी मेख आहे. धातू शोधतो म्हटलं की गिऱ्हाईक विचारतं, मग मोबाईलला वाजेल का, डब्याला वाजेल का. शस्त्र ओळखतो म्हटलं की तो प्रश्नच संपतो, गिऱ्हाईक गप्प, कारण त्याला वाटतं आत कुणीतरी हुशार बसलाय जो बघून सांगतो.

विक्रीची वाक्यं पण तशीच होती. ताशी ४,००० माणसं, जुन्या मेटल डिटेक्टरपेक्षा १० पट वेगानं. मनुष्यबळाचा खर्च ७० टक्के कमी. निरुपद्रवी वस्तू सोडून देतो, शस्त्रं पकडतो. आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात ‘वेपन्स-फ्री झोन्स’, म्हणजे शस्त्रमुक्त परिसर. स्टेडियम, हॉस्पिटलं आणि मुख्य म्हणजे शाळा यांनी धडाधड घेतलं. अमेरिकेत शाळेतल्या गोळीबाराच्या बातम्या आपण इथे बसून वाचतो आणि विसरतो, पण तिथल्या आईबापांची रोज सकाळी काय अवस्था होत असेल आणि शाळेच्या बोर्डावर किती प्रेशर असेल ते समजू शकतो. अशा माणसाला कुणी येऊन म्हणालं की तुमची शाळा शस्त्रमुक्त करून देतो, तर तो कॅटलॉगची मागची पानं वाचत बसणारे का.

न्यूयॉर्क राज्यात युटिका म्हणून एक शहर आहे. तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टनं २०२२ च्या मार्चमध्ये हे मशिन घ्यायचं ठरवलं, १३ शाळांसाठी, जवळपास ४० लाख डॉलर, आपल्या हिशोबानं तीसेक कोटी रुपये. उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवलं. जुलैमध्येच एका कार्यक्रमाला एक पोलीस अधिकारी चुकून कमरेचं सर्व्हिस पिस्तूल घेऊन त्यातून आत गेला आणि मशिन गप्प. खरं तर तिथेच थांबून, शांतपणे, सगळ्या सेटिंग्ज परत तपासायला हव्या होत्या. पण नवीन मशिन, मोठी किंमत, वर ‘एआय’चा शिक्का, मग माणूस म्हणतो असेल काहीतरी, एकदा झालं असेल.

३१ ऑक्टोबर २०२२. प्रॉक्टर हायस्कूल. एक विद्यार्थी दप्तरात सुरा घेऊन त्या दोन खांबांमधून आत आला. सुरा केवढा, तर पुढे अमेरिकी सरकारी संस्थेनं कंपनीविरुद्ध केलेल्या तक्रारीत ७ इंची लिहिलंय आणि बीबीसीनं ९ इंचांपेक्षा मोठा म्हटलंय, काही असो, भाजी चिरायची सुरी नव्हती. खांबांनी काही दाखवलं नाही, नंतर सीसीटीव्हीत तो आरामात चालत जाताना दिसला. मग शाळेच्या कॉरिडॉरमध्ये त्यानं दुसऱ्या मुलावर वार केले, एक नाही, बरेच. मुलगा वाचला. चौकशीत पुढे असंही निघालं की आणखीही चाकू शाळेत आले होते, आणि ते मशिनमुळे नाही तर पोरांनी येऊन शिक्षकांना सांगितलं म्हणून सापडले.

यानंतर जे झालं त्यावर लोक फारसं बोलत नाहीत, पण मला सगळ्यात जास्त इंटरेस्ट तिथे आहे. शाळेनं सेन्सिटिव्हिटी वाढवली. म्हणजे मशिनला सांगितलं की आता जरा जास्त बारकाईनं बघ. तर खोट्या अलार्मचं प्रमाण गेलं ५० टक्क्यांवर. दर दोन पोरांमागे एक पोरगं बाजूला, दप्तर उघड, डबा दाखव, बाटली दाखव. मग ते न थांबता चालत जाणं कुठे गेलं, ताशी ४,००० कुठे गेले, ७० टक्के खर्च कसा वाचणार? शेवटी हायस्कूलमधून ते खांब काढले आणि दुसरे, साधे मेटल डिटेक्टर आणले.

सेन्सिटिव्हिटीचं जरा नीट सांगतो, कारण हे ज्यानं स्वतः चौकट सेट केलीय त्यालाच पटकन कळतं, आणि ब्रोशर लिहिणाऱ्याला एकतर कळत नाही किंवा फारच चांगलं कळतं. आम्ही चौकट उभी करतो, लेव्हल बघतो, जवळपास लिफ्ट, जनरेटर, लोखंडी शटर काय आहे बघतो, कारण ते पण त्रास देतात. मग टेस्ट पीस घेऊन मी स्वतः चालतो. टेस्ट पीस म्हणजे ठराविक वजनाचा आणि आकाराचा धातूचा तुकडा. घोट्याला बांधून एकदा, कमरेला एकदा, काखेत एकदा, आडवा धरून, उभा धरून, हळू चालून, भराभर चालून. प्रत्येक झोनची, म्हणजे चौकटीच्या प्रत्येक भागाची, सेन्सिटिव्हिटी आकड्यात असते, ती वर-खाली करत बसतो, दुपार जाते त्यात. संध्याकाळी सगळं बरोबर वाजायला लागतं, मी सही घेतो आणि घरी येतो.

आठव्या दिवशी फोन. साहेब, फार वाजतंय हो, प्रत्येकाला वाजतंय, बेल्टला वाजतंय, सकाळच्या शिफ्टला रांग गेटच्या बाहेर रस्त्यावर जाते, मोठे साहेब ओरडतात, जरा कमी करा. मी जातो, समजावतो की कमी केलं तर छोटं काही सुटेल, लेखी द्या. लेखी कुणी देत नाही. पासवर्ड सुपरवायझरकडे असतोच. पुढच्या व्हिजिटला बघितलं तर आकडे निम्म्यावर आलेले असतात, चौकट शांत, गार्ड खुश, साहेब खुश. हे असं मी किमान १०-१२ ठिकाणी बघितलंय, आणि शपथेवर सांगतो त्यातल्या एकाही ठिकाणी कुणाला वाटत नव्हतं की आपण काही चूक करतोय.

तर गेट म्हणजे शेवटी हा एक आकडा. वर नेला की पकडतो जास्त आणि छळतोही जास्त, खाली आणला की रांग पळते आणि चाकू पण पळतो. चांगलं मशिन असेल तर हा सौदा जरा स्वस्तात पडतो, म्हणजे तेवढंच पकडायला त्रास थोडा कमी. पण सौदा संपत नाही. इव्होल्व्हच्या जाहिरातीतला ‘एआय’ हा शब्द नेमका या आकड्यावर पांघरूण घालायला वापरला गेला, माझं तरी असं स्पष्ट मत आहे. मशिनमध्ये एआय नव्हतंच असं नाही, सॉफ्टवेअर सिग्नलची छाननी करतंच असणार, आणि करतं. पण गिऱ्हाइकाला त्या शब्दातून जे ऐकू आलं ते असं, की आता वेग आणि पकड दोन्ही मिळणार, निवडायची गरज नाही. आणि कंपनीनं तो गैरसमज होऊ दिला, नुसता होऊ दिला नाही, छापला.

चाकूच का सुटतो? पिस्तूल म्हणजे जाड, भरीव लोखंडाचा गोळा, नळी सकट. फील्डमध्ये त्याची सही ठळक उमटते. सुरा म्हणजे पातळ पट्टी, एका दिशेनं धरला तर बराच धातू दिसतो, दुसऱ्या दिशेनं धरला तर जवळपास काहीच नाही, आणि दप्तरात तो कसा पडलाय हे कुणाच्या हातात नसतं. शिवाय शाळेच्या दप्तरात पट्टी, कंपास, स्टीलची बाटली, फाईलची क्लिप, छत्रीचा दांडा असा सगळा बाजार असतो. सगळ्यात मजा क्रोमबुकची. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांमध्ये प्रत्येक पोराकडे शाळेनंच दिलेला हा छोटा लॅपटॉप असतो, आणि मशिन नेमकं त्यालाच शस्त्र समजायचं. लॅपटॉपला वाजणार आणि सुऱ्याला नाही. मग काय, काही शाळांनी पोरांना सांगितलं की लॅपटॉप बॅगेतून काढा आणि हातात धरून चाला. म्हणजे एअरपोर्टवर आपण जे करतो तेच, जे करायला लागू नये म्हणून एवढे पैसे घातले होते.

आता कुणी म्हणेल, कंपनीला तरी काय माहीत असणार आधी. माहीत होतं. सदर्न मिसिसिपी युनिव्हर्सिटीत एक संस्था आहे, स्टेडियम वगैरेची सुरक्षा हा तिचा विषय, तिनं २०२१ मध्ये या मशिनची टेस्ट घेतली होती. मोठे चाकू घेऊन २४ वेळा चालून बघितलं, त्यात ४२ टक्के वेळा, म्हणजे १० वेळा, मशिननं काही सांगितलं नाही. टेस्ट घेणाऱ्यांनी सुचवलं होतं की ही मर्यादा गिऱ्हाइकांना सांगा. पण लोकांसाठी म्हणून जो रिपोर्ट बाहेर आला त्यात हा भागच नव्हता. पूर्ण रिपोर्ट आयपीव्हीएम नावाच्या, सिक्युरिटी उपकरणांचीच परीक्षा घेणाऱ्या एका प्रकाशनानं मिळवला आणि बीबीसीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बातमी केली. कंपनीचं म्हणणं असं की अशी माहिती उघड छापली तर गुन्हेगारांना वाट दाखवल्यासारखं होतं, म्हणून ती गिऱ्हाइकाला खाजगीत देतो. यात थोडं तथ्य आहे, मी पण कुठल्या कंपनीत कुठला झोन किती आकड्यावर आहे ते चारचौघात सांगत नाही. पण मर्यादा गुप्त ठेवायची असेल तर मग दावा तरी तेवढ्या मोठ्या अक्षरात कशाला करायचा? आणि खाजगीत सांगायचंच होतं तर युटिकाच्या लोकांना सुरा आत आल्यावर एवढा धक्का कसा बसला?

आणि मग शब्द बदलायला लागले. मशिन तेच, खांब तेच. वेबसाईटवर आधी होतं ‘वेपन्स-फ्री झोन्स’. ते झालं ‘सेफ झोन्स’. मग झालं ‘सेफर झोन्स’. शस्त्रमुक्त, सुरक्षित, अधिक सुरक्षित. मे २०२३ मध्ये बीबीसीनं हे टिपलं. बघा ना कशी गंमत आहे, ‘शस्त्रमुक्त’ हा दावा एका सुऱ्यानं खोटा पडतो. ‘सुरक्षित’ म्हटलं तर निदान भांडता येतं. ‘अधिक सुरक्षित’? कशापेक्षा अधिक? दारात काहीच नसण्यापेक्षा अधिक, असं म्हटलं तर नुसता खुर्चीवर बसलेला वॉचमन पण अधिक सुरक्षितच करतो. आमच्यात याला म्हणतात, कोटेशनमध्ये ‘अंदाजे’ लिहून ठेवणं.

ब्रिटनमध्येही असंच एक झालं. कंपनीनं सांगितलं की आमच्या मशिनची तिथल्या सरकारी सुरक्षा संस्थेनं, एनपीएसएनं, टेस्ट केलीय. बीबीसीनं त्या संस्थेला विचारलं तर ते म्हणाले आम्ही अशी टेस्ट करतच नाही. त्यांचे निकष वापरून दुसऱ्याच कुणीतरी टेस्ट केली होती. २०२४ मध्ये कंपनीनं भाषा बदलली. हे तर आपल्याकडे रोजचं आहे, ‘आयएसआय निकषांनुसार’ आणि ‘आयएसआय मार्क’ यातला फरक ज्याला कळत नाही तो हिटर घेताना पण फसतो.

याच दरम्यान न्यूयॉर्क शहराच्या महापौरांनी, एरिक अ‍ॅडम्स यांनी, ठरवलं की सबवेत हे मशिन लावून बघायचं. मार्च २०२४ मध्ये घोषणा करताना म्हणाले की हा आपला स्पुटनिक क्षण आहे, केनेडींनी माणूस चंद्रावर पाठवायचं ठरवलं तसा. आता स्पुटनिक हा उपग्रह रशियाचा, १९५७ चा, तेव्हा केनेडी अध्यक्ष पण नव्हते, पण असू दे, भाषणात चालतं. याहून मजेची गोष्ट म्हणजे त्याच सुमारास कंपनीचे प्रमुख गुंतवणूकदारांना सांगत होते की सबवे ही काही आमच्या मशिनसाठी बरी जागा नाही. बरोबरच आहे, खाली लोखंडी रूळ, दहा वाटांनी येणारी माणसं, प्रत्येकाच्या खांद्यावर लॅपटॉप. मशिन बनवणारा नको म्हणतोय आणि घेणारा चंद्राच्या गोष्टी करतोय, असं मी तरी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

तरी जुलै २०२४ मध्ये ३० दिवसांची ट्रायल झाली, २० स्टेशनांवर. निकाल ऑक्टोबरात आला. एकूण स्कॅन २,७४९. पिस्तुलं ०. चाकू १२. खोटे अलार्म ११८. टक्केवारीत ११८ म्हणजे चारच्या थोडं वर, ऐकायला काहीच नाही वाटत, ब्रोशरवाला तर ‘९५ टक्क्यांहून जास्त अचूक’ म्हणून छापेल. पण गार्डच्या जागी उभं राहून बघा. त्याच्यासाठी मशिन १३० वेळा वाजलं, त्यातलं ११८ वेळा उगाच. दहा-अकरा वेळा बॅगा उचकटल्यावर एकदा काहीतरी हाती लागणार. असं महिनाभर झालं की माणूस टॅबलेटकडे बघतो, हात हलवतो, जा पुढे. आणि हे झालं फक्त पावणेतीन हजार स्कॅनचं, एक लाख माणसं जाणारं स्टेशन धरलं तर त्याच हिशोबानं चार हजारांवर लोक उगाच बाजूला काढावे लागतील, रोज. सीएसएमटीच्या दारातल्या चौकटी आठवा, २६/११ नंतर लावलेल्या, माणसं त्यातून जातात, त्या वाजतात, आणि लोकलची वेळ झालेली असते. वाजणारी चौकट आणि न बघणारा गार्ड यांचा संसार आपल्याला नवीन नाही.

२६ नोव्हेंबर २०२४ ला एफटीसी म्हणजे फेडरल ट्रेड कमिशन, ग्राहकांची फसवणूक बघणारी अमेरिकेची केंद्रीय संस्था, तिनं कंपनीविरुद्ध तक्रार आणि सोबतच समझोता जाहीर केला. आरोप हा की शस्त्रं पकडण्याबद्दल आणि निरुपद्रवी वस्तू सोडून देण्याबद्दल जे दावे केले ते पुराव्याला धरून नव्हते, एआयचं नाव घेऊन केलेले दावे पण त्यात आले. वेगाचे, खोट्या अलार्मचे, खर्च वाचण्याचे, सगळे. यापुढे पुराव्याशिवाय असे दावे करायचे नाहीत. आणि १ एप्रिल २०२२ ते ३० जून २०२३ या काळात ज्या शाळांनी करार केले त्यांतल्या ठराविक शाळांना करार मोडायची एक संधी द्यायची, कारण हे करार सहसा चार-चार वर्षांचे असतात. तक्रारीत लिहिलंय की तोपर्यंत ४० राज्यांतल्या ८०० हून जास्त शाळांत ही मशिनं होती.

दंड? नाही. एक डॉलर नाही.

कंपनीनं म्हटलं की हा वाद आमच्या जुन्या मार्केटिंगच्या भाषेचा आहे, मशिनच्या उपयोगाला कुणी आव्हान दिलेलं नाही. हे वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. तांत्रिकदृष्ट्या ते चूक नाही, एफटीसी काही मशिन तपासणारी लॅब नाही, ती बोललेलं आणि केलेलं जुळतं का एवढंच बघते. पण शाळेनं विकत काय घेतलं होतं? भाषाच घेतली होती ना. मशिन उघडून बघायची अक्कल शाळेच्या बोर्डाकडे नसते, नसायलाच हवी असंही नाही, त्यांनी ब्रोशरमधलं वाक्य घेतलं आणि त्या वाक्याचे पैसे दिले. भाषा जुनी झाली म्हणता, पण त्या भाषेवर केलेला करार तर चालूच होता, हप्ते चालू होते.

त्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबरच्या शेवटी, कंपनीनं हिशेबातही गडबड सापडल्याचं जाहीर केलं, काही विक्री जशी दाखवायला नको तशी दाखवली होती, आणि प्रमुख पीटर जॉर्ज यांना काढलं. ते वेगळं प्रकरण आहे, पण योगायोग मला तरी फार लांबचा वाटत नाही, शब्द फुगवायची सवय लागली की आकडे पण फुगतात.

आपल्याकडे काय चाललंय ते पण सांगून टाकतो. मी ज्यांच्याकडून चौकटी घेतो त्यांचं नाव घेत नाही. त्यांचं एक मॉडेल मी बरीच वर्षं लावतोय. मधे नवीन ब्रोशर आलं, वर निळ्या रंगात मेंदूचं चित्र, त्यातून तारा निघतायत, आणि ‘एआय पॉवर्ड स्मार्ट डिटेक्शन’. मी मॉडेल नंबर बघितला, तोच. मागे स्पेसिफिकेशन बघितलं, झोन तेवढेच, वजन तेवढंच, पॉवर सप्लाय तोच. सेल्सच्या पोराला विचारलं, अरे यात नवीन काय? तो म्हणाला, सर, फर्मवेअर अपडेट झालंय. काय अपडेट झालंय? सर, ते टेक्निकल टीम सांगेल. टेक्निकल टीममध्ये मी ज्याला ओळखतो तो म्हणाला, काही नाही हो, माणसं मोजायचा काउंटर आधी चुकायचा, तो दुरुस्त केला. तर काउंटर दुरुस्त झाला आणि किंमत वाढली. तसंच ते ‘मिलिटरी ग्रेड’. कुठल्या मिलिटरीनं कुठल्या परीक्षेत काय पास केलं ते कागदावर द्या म्हटलं की समोरचा हसतो. आणि मी पण काही फार शहाणा नाही, दोन वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या कोटेशनमध्ये मी स्वतः कॅमेऱ्यापुढे ‘स्मार्ट’ असं लिहिलं होतं, कारण समोरच्या पार्टीनं लिहिलं होतं आणि कमिटीवाले विचारत होते की तुमचं स्मार्ट नाही का. काम मिळालं. कॅमेरा तोच होता.

तर काकांना हे सगळं सांगितलं, थोडं कमी शब्दांत. ते रिटायर्ड माणूस, हिशोबाला पक्के, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ते अमेरिकेचं असू दे, माझ्या कोटेशनमधलं गेट सुरी पकडतं का नाही एवढं सांगा. मी म्हटलं ते मला कोटेशन बघून नाही सांगता येणार, ते तर इव्होल्व्हचं पण नाही, कुठलं तरी दुसरंच आहे, दोन खांब आहेत एवढंच साम्य. डेमो मागा. पण त्यांच्या टेस्ट पीसवर नको. तुमच्या शाळेतलं एक भरलेलं दप्तर घ्या, पाचवीतलं एक आणि दहावीतलं एक, त्यात डबा, बाटली, कंपास सगळं असू दे, आणि काकूंना विचारून स्वयंपाकघरातली एक मोठी सुरी आणा, ती दप्तरात आडवी, उभी, तिरकी ठेवून वीस वेळा चालायचं. मग सुरी काढून परत वीस वेळा. दोन्ही वेळा किती वाजलं ते वहीत लिहायचं, आणि सेन्सिटिव्हिटी मधे बदलू द्यायची नाही.

काकांनी माझ्यासमोरच कोटेशनवाल्याला स्पीकरवर फोन लावला, अगदी हेच सगळं वाचून दाखवलं. पलीकडचा आधी ‘येस सर, येस सर’ म्हणत होता. सुरी म्हटल्यावर थांबला. मग म्हणाला, सर, डेमो आम्ही आमच्या किटवरच देतो, कंपनी पॉलिसी आहे.

काका म्हणाले, बरं, मग किट घेऊन या, सुरी मी आणतो.

शुक्रवारी येतो म्हणालाय.